दाढेच्या खड्ड्यातली चिमूट

संघर्षला लाज वाटायची सवय नव्हती. देहूरोडच्या गल्लीत कुणाचंबी भांडण असो, हा मधी पडणारच. चाकणच्या कंपनीत प्रेसवर काम, तिथंबी सगळ्यांची टर उडवायचा. पण आता हा बाबा तोंडावर रुमाल धरून फिरत होता. अक्कलदाढ काढली तो खड्डा भरायचं नावच घेत नव्हता. गाल टम्म, ठणका कानापर्यंत, आणि तोंडाला असा वास की डबा खायला शेजारी कुणी बसंना.

दाढ काढली होती आलियानं. आलिया म्हणजे अजिमची बहीण, आणि अजिम म्हणजे संघर्षचा चड्डीतला दोस्त. अजिमनं गॅरेजमधी राबून बहिणीला दाताची डॉक्टर केलं, गॅरेजच्या वरच दवाखाना टाकून दिला. दाढ काढल्यावर आलियानं बजावलं होतं, तंबाखूला हात लावायचा न्हाई. संघर्ष म्हणाला, सोडलीये कधीच.

सोडली कसली. कंपनीत तंबाखू चालत न्हाई. गेटवर सिक्युरिटीवाला खिसे चाचपतो, तोंड उघडायला लावून गालात टॉर्च मारतो. म्हणून पोरं कंपनीच्या बसमधून उतरायच्या आधी चिमूट अशी दडवतात की टॉर्चला दिसू नये आणि चहापर्यंत पुरावी. संघर्षला तर आता आयता खड्डाच मिळाला होता. टॉर्च तिथवर पोचायचाच न्हाई. गडी स्वतःच्या डोक्यावर जाम खूश.

मग खड्डा पिकला. गोळ्या संपल्या, परत आणल्या, तरी पू येतच राहिला. बसमधी पोरं विचारायला लागली, तर हा म्हणाला, "नवीन डॉक्टरीण हाय राव, हात कच्चा हाय तिचा." एकदा न्हाई, रोज म्हणाला. बोलून बोलून त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

एका संध्याकाळी अंगात ताप भरला, जबडा उघडंना. अजिमनं त्याला ओढत गाडीवर बसवलं. वाटेत अजिम सांगत होता, तुझ्या बसमधलं कुणीतरी आलियाची बदनामी करतंय, पेशंट यायचे बंद झालेत, पोरगी नीट जेवत न्हाई.

"नाव कळू दे फक्त," अजिम म्हणाला. "तुझ्या कानावर आलं असतं तर तू तिथंच हाणला असतास त्याला, मला म्हाइतीये."

मागं बसलेल्या संघर्षनं रुमाल अजून घट्ट दाबला.

आलियानं सुई टोचली, हळूहळू जबडा उघडवला, खड्डा धुतला. चिमटा आत गेला आणि कापसावर काळा चोथा आला. परत घातला, परत तेच. अजिम दारातच उभा होता. काय निघालं म्हणून त्यानं विचारलं. आलिया संघर्षच्या डोळ्यांत बघत राहिली. मग कापूस दुमडून डब्यात टाकला.

"अन्न अडकलं होतं," ती म्हणाली.

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. संघर्ष जिना उतरला, पण गाडीवर बसंना.

"तंबाखू होती ती. आणि बसमधी बोलणारा मीच."

सुन्न जिभेनं शब्द वाकडे पडले, लाळ गळली. "काय?" अजिम म्हणाला. म्हणून संघर्षला सगळं परत बोलावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

अजिमनं गाडीची चावी काढून खिशात घातली. "मला सांगू नको, आलियालाबी सांगू नको. बसमधी सांग," म्हणाला, आणि शटर ओढून आत गेला. संघर्ष चालत घरी गेला.

सकाळी कंपनीचं गेट जवळ आलं तशा पोरांनी पुड्या काढल्या. संघर्ष उठला, रुमाल काढला, शेजारच्याच्या हातात मोबाइलचा टॉर्च दिला आणि आ केला. वासानं पोरं मागं सरली.

"ही माझी करणी हाय," तो म्हणाला. "रोज चिमूट ठेवायचो इथं. डॉक्टरणीचा हात पक्का हाय."

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. एकानं पुडी परत खिशात घातली, बाकीच्यांनी न्हाई.

संध्याकाळी ड्रेसिंगला गेला तेव्हा अजिम एका गाडीखाली पडून काम करत होता. संघर्ष त्याच्या पायांपाशी बराच वेळ उभा राहिला. गाडीखालचा पाना थांबला न्हाई. मग तो जिना चढला.

"तोंड उघड, दादा," आलिया म्हणाली.

त्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.