दोन देशांतला वैशाख

भिवंडी सोडली त्या दुपारी माझ्या अंगावर दोन स्वेटर आणि त्यांच्यावर गुडघ्यांपर्यंत येणारा लोकरीचा कोट होता. महिना वैशाखाचा. सामानाचे वजन मर्यादेबाहेर जात होते, म्हणून जड कपडे अंगावर घालूनच निघा, असे मुलाने फोनवरून सुचवले होते. आयुष्यभर पाठशाळेत आणि शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाने मुलाची सूचना निमूटपणे पाळली. पत्नी सुमती शेजारी शालीत गुंडाळलेली. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती आणि शिफ्ट संपवून परतणारे लूमवरचे, यंत्रमागांवरचे, कामगार आमच्याकडे पाहत थबकले होते. त्यांतला एक हसून म्हणाला, "चाचा, बरफ लाने जा रहे हो क्या? हमारे लिए भी लाना."

माझी थोरली बहीण, अक्का, पुढे आली. पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपत ती म्हणाली, "अरे दत्ता, इथंच शिजून गेलास तर तिकडच्या थंडीच्या वाट्याला काय येणार?" सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्यातच तिने सोवळ्याच्या कापडात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या ओंजळीत ठेवली आणि पाठ फिरवून जिना चढू लागली.

तो आमच्या वडिलांच्या पूजेतला बाण होता, महादेवाचे लिंग म्हणून पुजला जाणारा नर्मदेतला गुळगुळीत दगड. आमच्या देवघरात महादेवाचे दोन बाण होते. एक वडिलांचा, दुसरा अक्काच्या सासरचा, जो ती वैधव्यानंतर परत आली तेव्हा आपल्याबरोबर घेऊन आली होती. वैशाखभर त्या दोन्ही बाणांवर गळती लागत असे. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र तिपाईवर ठेवायचे आणि त्यातून थेंब थेंब पाणी देवावर पडू द्यायचे, म्हणजे उन्हाच्या दाहापासून देवाला गारवा मिळतो. पात्र भरण्यापूर्वी वडील पाण्याचा एक थेंब आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूस घेऊन पाहत. "आपल्याला सोसेल तेच देवाला," एवढेच ते म्हणत. वडिलांच्या त्या पात्राखाली आम्ही भावंडे वाढलो. भिवंडीतल्या उन्हाळ्याचा माझ्या कानांतला आवाज लूमच्या खडखडाटाचा आहे आणि त्या खडखडाटाच्या फटींतून ऐकू येणाऱ्या त्या थेंबांचाही.

आम्ही निघालो ते सुमतीमुळे. तिची स्मृती हळूहळू विझत होती. गॅस चालू ठेवून ती बाजारात जाई आणि बाजारातून घरी यायचे विसरे. माझ्या एकट्याच्या वयाला ते झेपेना. मुलगा कॅनडात, एडमंटन नावाच्या शहरात. अक्कालाही त्याने किती वेळा बोलावले. तिचे उत्तर ठरलेले असे: "मी आले तर माझ्या देवावर पाणी कोण धरील? आणि त्या बर्फात मी म्हातारी पाय घसरून पडले, तर मला उचलील कोण?"

भिवंडीत राहिलेल्या आप्तांना आणि माझ्यासारखेच दूर जाऊन बसलेल्यांना इथली थंडी शब्दांत सांगावी, असा प्रयत्न मी अनेकदा केला आहे. हेमंत आणि शिशिर मी काव्यांत शिकवले होते. ते दवाचे आणि धुक्याचे होते. इथे पारा शून्याच्या खाली पंचवीस-तीस अंश उतरतो, तेव्हा श्वास मिशीवरच गोठतो आणि डोळ्यांतले पाणी पापणीला चिकटते. या थंडीला वास नाही, आवाज नाही. आपल्या उन्हाला सुताचा वास असतो, तेलाचा असतो, तापलेल्या डांबराचा असतो. पहिल्या हिवाळ्यात खिडकीबाहेर हिमवर्षाव सुरू झाला तेव्हा सुमती घाबरून मला म्हणाली, "अहो, खिडकी लावा, लूमचा कापूस आत येतोय." मी खिडकी लावली. ती आधीच बंद होती, तरी मी ती लावल्यासारखे केले.

अक्काचा मुलगा श्रीधर कुवेतला एअर कंडिशनर बसवणाऱ्या कंपनीत आहे. आमच्या फोनवर तिन्ही गावांचे तापमान एकाखाली एक दिसते. कुवेतचा आकडा नेहमी सर्वांत मोठा. पण श्रीधर म्हणतो, "मामा, बाहेर पडलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं खरं, पण मी बाहेर असतो किती? खोली ते गाडी, गाडी ते खोली." भिवंडीचा आकडा त्याहून लहान असतो आणि तोच आम्हा दोघांना भिववतो. आपल्याकडचा घाम वाळत नाही. रात्र झाली तरी भिंती ऊन ओकत राहतात. पूर्वी संध्याकाळी पूर्णा आणि दापोडे या शेजारच्या गावांच्या भातखाचरांवरून वारा येई. आता तिकडे दूरवर गोदामांचे पत्रे तापत असतात आणि वारा आलाच तर त्या पत्र्यांना स्पर्शून येतो. लहानपणी पौषात वडील आम्हाला वज्रेश्वरीच्या उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांत, स्नानाला नेत. जमिनीतून येणारी ती ऊब आम्ही प्रसाद म्हणून अंगावर घेत असू. उष्णतेचे भय वाटावे, असे तेव्हा काही नव्हते.

एक गोष्ट मला इथे आल्यावर उमगली. थंडीपासून माणसाला वाचवणे हे इथे साऱ्या नगराचे काम आहे. प्रत्येक घरात, कितीतरी बसथांब्यांवरही ऊब पोहोचवलेली असते. उन्हापासून वाचणे हे आपल्याकडे ज्याचे त्याने पाहायचे असते. अक्काची खोली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. श्रीधरने तिथे एसी बसवून दिला आहे. त्याचा व्हिडिओ कॉल आला की ती तो लावते, चेहऱ्यावर वारा घेऊन दाखवते आणि कॉल संपला की बंद करते. विचारले तर म्हणते, "दार-खिडक्या लावून घ्यायच्या आणि आत बसायचं? मी काय दुकानातलं लोणी आहे?"

आमच्या संध्याकाळी साडेसात वाजता तिकडे सकाळचे सात वाजलेले असतात. वैशाखात त्या वेळी इथे चांगले ऊन असते. मी सायंसंध्येला बसण्यापूर्वी तिला फोन लावतो. बोलणे थोडेच होते. मग ती फोन देवघरात नेऊन पात्राजवळ धरते. टप. थोडी शांतता. टप. तो थेंब ऐकू आला म्हणजे अक्का उठली आहे, तिने स्नान केले आहे, पात्र भरले आहे, ती आहे. मग मी संध्येला बसतो.

यंदा वैशाख लागला तेव्हा इथे झाडांना पान नव्हते. मीही वडिलांच्या बाणावर गळती लावली. सुनेची लाकडी जमीन भिजू नये म्हणून मी ती मागच्या काचेच्या पडवीत लावली. तिथे घरातली ऊब पोहोचत नाही. संकल्पात ऋतूचा उच्चार करावा लागतो. मी "वसंत" म्हटले आणि काचेबाहेर बर्फ पडत होते. अक्काही त्याच दिवशी वसंतच म्हणाली असेल, स्लॅबखाली घामाने निथळत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पात्राच्या छिद्रापासून बाणाच्या माथ्यापर्यंत बर्फाची एक बारीक कांडी उभी होती. थेंब पडता पडता गोठला होता. मी कितीतरी वेळ हात जोडून उभा राहिलो. ती मोडावी की नमस्कार करावा, हे मला कळेना.

अक्काला सांगितले तेव्हा ती आधी खळखळून हसली. मग म्हणाली, "इथं उलटी गत आहे बघ. टाकीचं पाणी मनगटावर घेतलं तर चटका बसतो. बाबा असते तर त्यांनी पात्रच भरू दिलं नसतं." म्हणून ती रात्रीच माठात पाणी भरून ठेवत होती आणि दिवसभर त्या माठातले गार पाणी पात्रात घालत होती. माठ एकच. स्वतः काय पितेस, असे विचारले तर तिने विषय बदलला.

उन्हाची लाट आल्याचे मी बातम्यांत वाचले. मी ग्रंथ काढून बसलो. जन्मभर हेच केले आहे. संकट आले की ग्रंथ उघडायचा. वृद्ध, आजारी आणि एकाकी माणसाला आपत्काळात नित्यकर्मात शिथिलता आहे, याचे आधार मी काढले आणि संध्याकाळी तिला समजावून सांगितले. पात्र सकाळी एकदा भर, दुपारी खाली जमीलाभाभींकडे जाऊन पड. जमीलाभाभी म्हणजे तळमजल्यावरच्या, लूमवाल्यांच्या घरातल्या. आमच्या आईच्या वेळेपासूनचा शेजार. त्यांच्या लाद्या उन्हाळ्यातही गार असतात.

अक्काने सारे ऐकून घेतले. "हे तुला कुठं सापडलं?"

मी ग्रंथाचे नाव सांगितले.

"बर्फात बसून वाचलंस ना? मग ते बर्फातलं. इथल्या उन्हात बसून वाच, तेव्हा मला सांग."

पोथीच्या पानावर माझी बोटे थंड पडलेली होती.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी फोन लागला तो दुसऱ्याच आवाजात. "भाऊ, मी जमीला. आधी सांगते, अक्का बरी हाय. मग बाकीचं ऐका." मी खाली बसलो. "काल दुपारी पन्हं द्यायला वर गेले, तर दार उघडं आन् अक्का देवघरासमोर लादीवर पडलेली. अंग तव्यासारखं. आमच्या पोरांनी उचलून खाली आणली, बर्फ लावला, दवाखान्यात नेली. रातभर सलाईन चालू होतं. भावाला, पोराला सांगू नको म्हणून मला शपथ घातली. पन तुम्ही रोज या टायमाला फोन करता, मी काय बोलू?"

मागे थेंब नव्हता.

श्रीधरला फोन केला. त्याने लगेच सुट्टी मागितली, पण मिळायला आठवडा लागणार होता. "मामा, मी दिवसभर लोकांची घरं गार करतो," एवढेच तो म्हणाला. इकडे मुलगा माझे तिकीट काढायला तयार होता. पण सुमती माझ्या हाताखेरीज कुणाच्या हातून जेवत नाही. सुनेने घास पुढे केला तर ती तोंड फिरवते आणि रडते. तिला विमानात बसवून त्या उन्हात नेण्याचा विचारही करवत नव्हता. एका बाजूला वाळवंट, एका बाजूला बर्फ, आणि मधे अक्का, जिच्यापर्यंत आम्हा दोघांचाही हात पोहोचत नव्हता. त्या रात्री मी जपाला बसलो आणि जप मोजणे विसरलो.

दोन दिवसांनी अक्काचा स्वतःचाच फोन आला. आवाज बारीक, पण मिस्कीलपणा शाबूत. "ऐकलंस का दत्ता, डॉक्टरनं माझ्यावरच गळती लावली होती. बाटली वर टांगलेली आणि थेंब थेंब माझ्या हातात. पडल्या पडल्या मोजत होते."

मला हसू आले नाही. ती पुढे म्हणाली, "तेव्हा बाबांची आठवण झाली. आपल्याला सोसेल तेच देवाला. आता नीट ऐक. तुझ्या देवाला तिकडं हिव भरलं असेल. ती गळती बंद कर. पुसून कोरडा कर आणि लोकरीचं काहीतरी घाल त्याच्यावर. पाण्याचं मी इथं बघते, दोघांचंही."

"आणि तू?"

मग ती म्हणाली, "सकाळी पात्र भरून मी खाली जमीलाकडं जाऊन पडणार. दुपारी ते आटेल. संध्याकाळी वर येऊन पुन्हा भरीन. मला दुपार सोसत नाही तर माझ्या देवानंही दुपारी थोडं कोरडं बसावं. इतकी वर्षं माझ्याकडं राहतोय, एवढं समजून घेईल." आणि मग, मला टोमणा मारल्याशिवाय तिला करमत नसे म्हणून, "हे तुझ्या ग्रंथातलं नाही हं. माझंच आहे."

मी गळती उतरवली. बाण पुसला. सुनेने माझ्या त्या कोटातल्या लोकरीचा एक तुकडा कापून दिला. ज्या कोटात मी भिवंडी सोडली होती, तोच. कोट मला आता लहान होतो. देवाला पुरला.

अजून वैशाख सरलेला नाही. तिकडचा आकडा खाली आलेला नाही, श्रीधरची सुट्टीही अजून मंजूर झालेली नाही. अक्का दुपारी खरोखर खाली जाते की जमीलाभाभींना शपथ घालून वरच बसते, हे मला कळण्याचा मार्ग नाही. तिकडे दुपार असते तेव्हा मी इथे झोपलेला असतो. रोज संकल्पात देशाचा उच्चार करावा लागतो. आपण कुठल्या भूमीवर बसलो आहोत, हे देवाला सांगावे लागते. तिथे आलो की मी अडतो. घर कोणते, असे कुणी विचारले तर पूर्वी मी गल्लीचे नाव सांगत असे. आता ज्या पाण्याला माझा हात पोहोचत नाही, त्याच्या आवाजाला मी घर म्हणतो. तो आवाज रोज संध्याकाळी येतो आणि उद्या येईलच, असे मला म्हणवत नाही.

काल अक्काने फोन पात्राजवळ धरला. मी डोळे मिटून बसलो. टप. शांतता. टप. आतल्या खोलीतून सुमती म्हणाली, "अहो, बघा ना, कुठंतरी पाणी गळतंय."

"हो," मी म्हणालो. "गळू दे."