ऊन दाखवलेली बाटली

वेंकटरावांची ती बाटली मीच बिघडवली. आधीच कबूल करते, म्हणजे मागून कोणी बोट दाखवायला नको.

तंजावूरला आमच्या गल्लीत वेंकटराव म्हणजे जीभ. कलेक्टर ऑफिसात हेडक्लार्क होते, पण ते कोणाला आठवतं? लग्नाचं सांबार उकळलं की आचारी आधी त्यांच्याकडे वाटी पाठवायचा. चिंच यंदाची की गेल्या साली धरलेली, ते नुसत्या वासावर सांगायचे. त्यांची बायको हिराबाई माझी जिवाभावाची मैत्रीण. तिच्या हातची नारत्तंगाय, म्हणजे मिठात मुरवलेलं ईडलिंबू, सात-सात वर्षांचं असायचं, काळंकुळकुळीत. दर चैत्रात बरणी गच्चीवर नेऊन ऊन दाखवायचं. त्याशिवाय जुनं आंबट टिकत नाही, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक. मग नवराबायको एकेक तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायची. त्र्याण्णव साली हिरा गेली. त्या घरात चाखायला दुसरं माणूसच उरलं नाही.

एकुलता मुलगा विश्वेश. मद्रासच्या कंपनीनं त्याला कंप्युटरच्या कामावर बेल्जियमला पाठवलं. तेव्हा नुकतीच सगळी पोरं बाहेर चालली होती. पंचाण्णव साली आठ दिवसांसाठी आला आणि सुटकेसमधून वेष्टीत, म्हणजे धोतरात गुंडाळलेली हिरवी बाटली काढली. बुचाला तार बांधलेली.

"बीर?" मी ओरडलेच. "हिराच्या घरात?"

"राजममावशी, ही तसली नाही. तीन वर्षं लाकडी पिंपात आंबवलेली आहे. ठेवावी तितकी मुरते, आईच्या नारत्तंगायसारखी." मग वडिलांकडे वळला. "अप्पा, आत्ता नको उघडू या. पुढच्या खेपेला येईन तेव्हा दोघं मिळून चाखू. तोवर सांभाळा."

वेंकटरावांनी जन्मात असल्या गोष्टीला हात लावला नव्हता. मला वाटलं, आता पोराला झाडतात. तर बाटली दोन्ही हातांत धरून म्हणाले, "सांभाळतो."

बाटली हिराच्या बरणीशेजारी गेली. चैत्र लागला तसे मला विचारायला आले, "राजम, हिचं काय करायचं गं?"

मी शहाणी! म्हटलं, "जुनं आंबट आहे ना? मग ऊन दाखवा की."

चार चैत्र दाखवलं. फरशीवर पाय ठरत नसे अशा उन्हात बरणी आणि बाटली, आणि कावळे हाकायला छत्री घेऊन स्वतः वेंकटराव. विश्वेशचा फोन रविवारी यायचा. यंदा जमत नाही, अप्पा, पुढच्या वर्षी नक्की. फोन ठेवला की म्हणायचे, "बाटली आहे ना इथं. त्याला यावंच लागेल."

एकदा मला राहवलं नाही. "अहो, त्यानं तुमच्यासाठी यायचं की बाटलीसाठी?" ते तडक पायऱ्या उतरून गेले. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय!

नव्याण्णवच्या डिसेंबरात विश्वेश आला, तीन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली काढली. मला मुद्दाम बोलावलं होतं. मी दाराशी बसले, पिण्यासाठी नव्हे, हिराच्या वतीनं.

"आधी वास घ्यायचा, अप्पा. मग एकच घोट. जिभेवर धरून ठेवायचा, गिळायची घाई नाही."

"ते मला शिकवतोस?" वेंकटराव हसले. कित्येक वर्षांनी हसले.

विश्वेशनं पेल्याला नाक लावलं आणि त्याचं तोंड उतरलं. "अप्पा, बिघडलीये. हिला ऊन लागलं का हो?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी तोंड उघडणार, तोच वेंकटरावांनी हातानं थांबवलं. पेला उचलला, डोळे मिटले, घोट धरून बसले. "पुढं जळक्या रबरासारखं आहे," ते सावकाश म्हणाले. "पण थांब. मागं लाकूड आहे. त्याच्याही मागं आंबट आहे. चांगलं आंबट. घाई न केलेलं."

विश्वेशनंही घोट घेतला, बराच वेळ धरला आणि मान हलवली. "आहे की, अप्पा!" मग म्हणाला, "हिला अंधारात, गारव्यात ठेवायचं असतं. मीच सांगायला हवं होतं. पुढच्या खेपेला दुसरी आणतो. ती नीट चाखू."

तो गेला त्या संध्याकाळी मी माफी मागायला गेले. रडूच आलं मला. "चार वर्षं वाट बघितलीत आणि मी माती केली."

"वेडी आहेस," वेंकटराव म्हणाले. "बरं झालं ऊन दाखवायला सांगितलंस. चांगली निघाली असती तर संपली असती, राजम."

याला आता तीन वर्षं होत आली. विश्वेशचा फोन येतो रविवारी. वेंकटरावांनी कोठीतली खालची फळी मोकळी केलीय, उजेड येऊ नये म्हणून खिडकीला पुठ्ठा ठोकलाय आणि गारव्यासाठी फळीवर गोणपाट अंथरलंय. वर काहीच नाही. तरी रोज सकाळी गोणपाट भिजवतात. परवा त्यांना ताप होता, तर मीच जाऊन भिजवून आले.