तळणीचा वास मारणारं मशीन

आगुनी गावात ताऊसमावशीचं घर सगळ्यात वर, बुचाच्या झाडांच्या जंगलाला लागून. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं, ही आता त्याचं गवत कापायचं मशीन विकून टाकील. तिने ते खांद्याला अडकवलं आणि दुसऱ्या दिवशी अंजिरांखालचं रान साफ केलं. तेव्हापासून खालच्या आळीत कुणाचं मशीन कुरकुरलं, की ती वरूनच ओरडायची, "चोक काढ रे! पेट्रोल पाजून मारशील त्याला!" आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं.

मशीनच्या तेल-पेट्रोलच्या बाटल्यांची झाकणं ती अशी आवळायची की तिच्याशिवाय कुणाला उघडता येऊ नयेत. दीर मोकरान म्हणायचा, "वहिनी, तुम्ही झाकण लावत नाही, सील ठोकता."

त्या दिवशी मात्र घाई होती. उद्यापासून दक्षिणेचा गरम वारा सुटणार होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी अशाच वाऱ्यात जंगलाची आग तिच्या पहिल्या अंजिरापर्यंत आली होती. यंदा घरात दिहिया होती, तिची लेक, बाळंतीण होऊन माहेरी आलेली. घर आणि जंगल यांच्यामध्ये गुडघाभर वाळलेलं गवत उभं होतं. ते आज पडायलाच हवं होतं.

तिने चोक लावून दोरी ओढली. मशीन एकदा खोकलं. लगेच चोक काढला, पुन्हा ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, पुन्हा ओढली. पेट्रोलचा वास नाकात गेला तशी ती थांबली.

"दमलात का?" कुंपणावर टेकून मोकरान म्हणाला. "मी ओढू?"

"तुम्ही कुंपण धरा, भावोजी. पडायला आलंय."

तिने प्लग काढला. ओलाचिंब. कमरेच्या फडक्याने पुसून तो उन्हात दगडावर ठेवला. प्लगचं भोक खाली करून मशीन आडवं केलं आणि रिकामीच दोरी ओढत राहिली, आतलं जास्तीचं पेट्रोल थेंब थेंब बाहेर पडेपर्यंत. मग प्लग बसवला, चोक उघडा ठेवला, गाडीला देतात तशी पूर्ण रेस दिली आणि हिसका मारला.

मशीन सुरू झालं! पांढरा धूर अंगणभर पसरला.

मोकरान नाक वर करून हुंगत म्हणाला, "आज कुणाकडे बाळ झालं? स्फेंज तळताहेत वाटतं."

"बाळ माझ्याकडेच झालंय, पण तळण—" तिनेही हुंगलं. वास खरंच स्फेंजचा होता, बाळ झालं की तळतात त्या पिठाच्या वड्यांचा, कढईतून नुकत्या काढलेल्या. आणि तो मशीनमधून येत होता. दोन झटके देऊन मशीन बंद पडलं. प्लग पुन्हा काढला तर चिकट.

पेट्रोलमध्ये सकाळी तिनेच तेल मिसळलं होतं, चष्म्याशिवाय. दुकानदार मशीनचं टू-टी ऑइल सुटं देतो, पाण्याच्या बाटलीत. घरचं ऑलिव्हचं तेलही तसल्याच बाटलीत असतं, दोन्ही एकाच फळीवर, रंगही तसाच हिरवट. आणि सकाळी झाकण किती सहज निघालं होतं! एका बोटाने. तिच्या हातचं झाकण असं निघतं होय?

म्हणजे मशीनच्या तेलाची बाटली स्वयंपाकघरात होती.

मशीन टाकून ती धावली. दिहिया परातीत भाकरीचा रवा घेऊन बसली होती, बाटली काखेत, झाकणावर फडकं.

"ठेव ती! खाली ठेव!"

"यम्मा, केवढ्याने ओरडतेस, बाळ उठेल! अजून ओतलंच नाही. हे झाकण निघेना. कुणी एवढं आवळलंय?"

ताऊसमावशीने बाटली हिसकावून घेतली, हुंगली आणि तशीच उंबऱ्यावर बसली. लेक विचारत होती काय झालं, आणि हिला हसू आवरेना.

"मीच गं," ती म्हणाली. "माझ्याशिवाय कोण?"

पण बसून राहायला वेळ नव्हता. चष्मा लावूनच ती बाहेर आली. टाकी रिकामी केली, ताज्या पेट्रोलने विसळली, प्लग खरवडून घेतला, नवं मिश्रण केलं. सुरुवातीला जरा धूर आला, मग मशीनने नेहमीचा कडक सूर धरला. ती कापत गेली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मोकरान दातेरी पंजा घेऊन आला आणि पडलेलं गवत ओढून लांब नेऊ लागला.

उन्हं कलली तेव्हा घर आणि जंगल यांच्यामध्ये नुसती माती उरली होती. वाऱ्याची पहिली गरम झुळूक आली आणि मातीवरून धूळ उडवत निघून गेली. तिला पेटवायला तिथे काही नव्हतं. आत दिहियाची भाकरी भाजत होती.

खालच्या आळीत कुणाचं तरी मशीन खोकलं, पुन्हा खोकलं.

"चोक काढ रे!" ताऊसमावशी ओरडली.

"आणि आधी तेल हुंगून बघ!" मोकरानने मागून जोड दिली.

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "भावोजी, भाकरी खायची आहे ना?"

तो लगबगीने पंजा ओढू लागला.