कारणाचा रकाना

“सतराव्या नंबरला तुझं नाव टाक,” मॅनेजर म्हणाले. मी टाकलं. वळणदार अक्षरात, सरळ ओळीत. त्याची आज लाज वाटते.

नामांतराची वर्षं. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी कारकून होतो. तिथल्या वाचनखोलीत कोणी काय वाचायचं, याच्या याद्या दर महिन्याला मी करायचो. साहेब लोकांना सगळं खुलं. कारकुनांना दोन दैनिकं सोडून बाकीचं. कामगारांना एकच दैनिक, तेही जेवणाच्या सुट्टीत. कोणाला बंदी घातली तर शेवटच्या रकान्यात कारण. ‘कामाच्या वेळेत वाचन.’ ‘पाने फाडली.’ कारणाशिवाय बंदी नाही, हा नियम मी काटेकोर पाळायचो.

मग ही सतरा नावांची चौथी यादी. विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्या रोज यायच्या. यादीतल्यांना खोलीच बंद. एक कारकून, बाकी हमाल, झाडूवाली, सरकीवरच्या बाया. कामं वेगळी, वस्ती एक. आमची.

“कारण काय लिहू, साहेब?”

“कोरं सोड. समजदार आहेस.”

सोडलं. घरात खाणारी सहा तोंडं. खाली ‘तयार करणार’ म्हणून सही केली, यादी दारावर डकवली. खोलीची किल्ली माझ्याकडेच राहिली. सकाळी कुलूप उघडायचं आणि बाहेर थांबायचं.

सरकीवरच्या रखमाबाई दुपारी आल्या. वस्तीतल्या वर्गात त्यांना वाचायला मीच शिकवलेलं.

“दादा, पेपर द्या की. नामांतराचं काय झालं बघते.”

“तुम्हाला बंद आहे, बाई.”

“बंद? आमी काय पेपर खायलाव का?”

मागच्या बाया हसल्या. रखमाबाईंनी यादीवर बोट ठेवलं. एकेक नाव वाचलं, माझंही. कोऱ्या रकान्यावर बोट थांबलं.

“हितं तर काईच न्हाई लिवलं. अन् अक्षर तुमचं हाय, दादा.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या सरकीच्या कामावर परत गेल्या.

पुढच्या महिन्याची यादी मी लिहिली. तीच सतरा नावं. शेवटच्या रकान्यात सतरा वेळा एकच शब्द. जात. स्वतःच्या नावापुढेही. सही केली, डकवली.

मॅनेजरांनी कागद ओढून काढला. “लायकी दाखवलीस शेवटी!”

“कारण खोटं असेल तर खोडा, साहेब.”

खोडलं नाही. फाडलं. तासाभरात दुसऱ्या कारकुनाने नवी यादी केली. रकाना कोरा. मला गेटवर कापसाच्या गाड्या मोजायला बसवलं. मी तिथे होतो तोवर ती खोली आमच्यासाठी उघडली नाही. एकासाठीही नाही.

काही बदललं नाही, हे मला माहीत आहे. पण आता कुठलाही कागद सहीला आला, की आधी शेवटचा रकाना बघतो. कोरा असला तर भरतो. जे खरं आहे तेच, माझ्या अक्षरात. मग सही.