दुबार नोंद

शिक्षण खात्याच्या कचेरीत त्याला सगळे ‘फिनेल’ म्हणत. कोण कुठल्या वर्गात, कोणी शाळा बदलली, कोणाचं शिक्षण सुटलं, अशी प्रत्येक मुलाची पहिलीपासूनची माहिती तिथे संगणकात साठायची. एकाच मुलाची चुकून दोनदा झालेली नोंद शोधून पुसणं हे त्याचं काम. त्या वर्षी बढत्या व्हायच्या होत्या. आडनाव, आईचं नाव आणि जन्मतारीख जुळली की दुसरी नोंद उडव, असा सपाटा त्याने लावला. नावं वाचत बसायला सवड कुणाला होती? साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली.

दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर त्याची बहीण कचेरीत आली. तिच्या जुळ्या मुलींपैकी एकीचंच प्रवेशपत्र आलं होतं.

“दादा, धाकटी संगणकात नाहीच म्हणतात रे. जन्मल्या तेव्हा तूच दोघींना दोन हातांवर घेतलं होतंस ना?”

त्याने उघडून पाहिलं. नोंद पुसणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव. ती नोंद परत आणायची तर चूक लेखी कबूल करावी लागणार, म्हणजे बढतीवर पाणी.

“शाळेने घोळ घातलाय,” तो म्हणाला. “यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बघू.”

“तोवर थोरली कॉलेजात जाईल. आणि ही काय तिचे कपडे धुवेल?”

“इथे आवाज चढवू नकोस.”

तिने पाय धरले. त्याने ते खुर्चीखाली ओढून घेतले आणि शिपायाला हाक मारली.

तो पर्यवेक्षक झाला. धाकटी कपड्यांच्या कारखान्यात धागे कापू लागली. नोंदीचा विषय पुन्हा निघालाच नाही. वर्षभराने शाळेबाहेरच्या मुलांची घरोघर पाहणी सुरू झाली, तेव्हा साहेबांबरोबर तो बहिणीच्याच दारात उभा राहिला. दार धाकटीने उघडलं.

“शाळा का सोडलीस गं?” साहेबांनी विचारलं.

“मी नाही सोडली. मामाला विचारा.”

साहेब वळले. फिनेल हसला. “पोरं काय, वाट्टेल ते बोलतात, साहेब. माझ्या बहिणीचंच घर आहे. घरच्यांनाच शिकवायची हौस नाही.” आणि कारणाच्या रकान्यात त्याने भरलं: पालकांची अनास्था.

बहीण पाणी घेऊन मागे उभी होती. तिने पेला साहेबांना दिला. भावाकडे पाहिलंही नाही.

जिना उतरताना साहेब म्हणाले, “सख्ख्या बहिणीचीही गय केली नाहीस. शाब्बास!”

फिनेलने मान लववली आणि खालच्या घराची कडी वाजवली.