कपाशीच्या वावरात गिनी गवत

वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीत मुद्दाम गवत लावायचं, हे ऐकून माझ्या सासरची माणसं पोट धरून हसली. त्यांची सारी हयात गवत उपटण्यात गेलेली! आणि मी, घरची नवी सून, पहिल्या माहेरपणाहून अंजनगावाकडे परतले ती गिनी गवताचे मुळांसकट ठोंब पोत्यात भरूनच.

"कावून वं, तुह्या बापाले दुसरं काही भेटलं नाही काय द्याले?" जाऊबाईंनी टोमणा मारलाच.

भेटलं होतं की! आंदण म्हणून म्हैस दिली होती. मी तिला पारडू असल्यापासून वाढवलेलं. त्या परक्या घरात मला ओळखणारा तेवढाच एक जीव. पण मामंजींचा शिरस्ता असा, की उन्हाळ्यात कडबा सरत आला की बैल तेवढे राखायचे आणि दुभतं जनावर बाजारात काढायचं. माझी म्हैसही जाणार, हे त्यांनी लग्नानंतर लगेच सांगून टाकलं होतं. मी हायच खाल्ली. माहेरी जाऊन वडिलांपुढे रडले, तेव्हा त्यांनी अकोल्याच्या सरकारी फारमातून हे ठोंब मिळवले. एकदा लावलं की वर्षानुवर्षं हिरवा चारा म्हणून कापत राहायचं, असं तिथं सांगितलं होतं म्हणे.

विहिरीवर मोटेचं पाणी सांडायचं, तिथला तुकडा सासूबाईंनी मला दिला. मी कंबर कसून ठोंब लावले. श्रावणात कपाशी निंदायला बाया आल्या आणि त्यांनी माझा तुकडाही चकाचक करून दिला! वर कौतुकानं सांगतात, "लय मातलं होतं बाई तुमचं वावर." त्यांचा तरी काय दोष? गवत दिसलं की हात आपसूक जायचे. मी आधी रडले, मग चिडले, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकलेलं एकेक मूळ वेचून पुन्हा चिखलात खोवलं. काय चिवट जात ती! थोड्याच दिवसांत सगळी बेटं तरारली. मला तर नाचावंसं वाटलं, पण सुनेनं वावरात नाचायचं कसं?

उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेलं गवत चैत्रात माझ्या कमरेला लागलं. नेमका त्याच सुमाराला म्हशीला गिऱ्हाईक आलं. मामंजींनी खुंट्यावरून दावं सोडलं. मी पदर सावरत धावत विहिरीवर गेले, भारा कापून आणला आणि म्हशीपुढे टाकला. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

गिऱ्हाईक खो खो हसलं. अगं बये, आजच नखरे करायचे होते तुला! मी विळ्यानं गवत बारीक कापलं, त्यावर भिजवलेली सरकी कालवली आणि टोपलं तिच्या तोंडाशी धरलं. तिनं एक घास घेतला. मग दुसरा. मग टोपल्यातून मान वर काढेचना!

"कापल्यावर पुन्हा येते काय हे?" मामंजींनी विचारलं. कोणाला ते कळेना, कारण सून सासऱ्याशी बोलत नसे.

"येते," मी बोलून गेले. "पाणी भेटलं तं उन्हाळाभर येते. इकू नोका तिले, मामंजी."

मामंजींनी गिऱ्हाईकाकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं, आणि हातातलं दावं माझ्यापुढे धरलं.

"मंग धर. तूच बांध."

मी दावं खुंट्याला बांधलं आणि आनंदाच्या भरात गाठीवर गाठ मारतच राहिले.