अलीकडचा काठ

आई नर्मदा परिक्रमेला गेली आहे. मी रोज घरात बसून तिच्या वाटेवरून मोबाइलच्या नकाशात बोट फिरवते. आज सकाळी तिचा फोन आला, तेव्हा आवाज पार बसला होता.

"ताप आहे गं. आश्रमात पडून आहे."

मी घाईघाईने आश्रमाचं गाव नकाशात शोधलं. दवाखाना सापडला, पण पलीकडच्या काठावर. मध्ये नदी, नदीवर पूल. नकाशाने लगेच पुलावरून निळी रेघ ओढून दाखवली.

"आई, रिक्षा कर आणि पूल ओलांड. हाकेच्या अंतरावर दवाखाना आहे."

"वेडी आहेस का? मैया ओलांडली की परिक्रमा मोडली."

अस्सा राग आला! नकाशाला नदी म्हणजे नुसता अडथळा, पूल आला की संपणारा. आईला मात्र ती आडवी झालेली बाईच वाटत असणार. लहानपणी झोपलेल्या आजीला ओलांडून गेले, तर हीच मला मागे फिरायला लावायची, वळसा घालून जा म्हणायची.

मग सुचलं. डॉक्टर कुठे परिक्रमेत आहेत?

दवाखान्यात फोन लावला. परिक्रमावासी आजारी आहे म्हटल्यावर तिकडचा आवाज एकदम मऊ झाला. डॉक्टर स्वतःच निघाले म्हणे.

तेव्हापासून मी पुलावर बोट ठेवून बसले आहे. नकाशात पूल स्पष्ट दिसतो. त्यावरून येणारा माणूस तेवढा दिसत नाही.